दारातल्या म्हातारीला जोगवा

ती गोष्ट माझ्या ओळखीची निघाली, तिथून सगळा घोळ सुरू झाला. ओळखीची नसती तर मी आपली लसूण सोलत बसले असते, आणि पुण्यातल्या चार पोरींना माझ्या असण्या-नसण्याचा पत्ताही लागला नसता.

नात लॅपटॉपपुढं बसलेली होती. कानांवर भाकरीच्या उंड्याएवढे दोन हेडफोन. मी तिच्या पाठीमागून चालले होते, सहज नजर गेली. पडद्यावर ओसाड माळ, पलीकडं काळा डोंगर, डोंगराला दगडी दार आणि दाराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी. डोक्यावरून पदर घेतलेला, हात पुढं पसरलेला. माळावर माणसं चालत होती, ऊन रखरखीत होतं, आणि एकाही माणसाची सावली पडत नव्हती.

मी हातातलं ताट तिथंच ठेवलं आणि वाकून बघितलं.

"अगं, ही तर सावल्या चोरणाऱ्या राजाची गोष्ट!"

नातीनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "तुला कशी माहीत?"

"वाचलीय मी. तुझा बाप जन्मायच्या आधी."

"हा गेम आहे आजी. मागच्या वर्षी आलाय."

"येऊ दे की. गोष्ट जुनीच आहे."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही तिच्या नव्या चपला मी आधीच घालून झिजवून ठेवल्यात.

ते पुस्तक मला मिळालं तेव्हा मी बेंबळीला नुकतीच नांदायला आले होते. नणंद हायस्कुलात होती, तिनं शाळेच्या कपाटातून आणलं. परदेशातल्या कुठल्याशा गोष्टीवरनं मराठीत केलेलं, नावं सगळी आपल्याकडची घातलेली. चांगलं जाडजूड, पण पुठ्ठा गेलेला, त्यामुळं लिहिणारा कोण ते मला आजतागायत ठाऊक नाही. गोष्ट अशी की, एक राजा लोकांच्या सावल्या चोरतो. सावली गेली की माणूस राबतो, जेवतो, झोपतो, पण त्याला आपलं माणूस ओळखू येत नाही. एका विणकराच्या पोरीला तिची आई ओळखेनाशी होते, म्हणून पोरगी सावल्या परत आणायला निघते. वाटेत दगडी दारं लागतात. पहिल्याच दारात ती म्हातारी. लोक तिला ओलांडून दाराला धडका देतात, दार उघडत नाही. पोरगी मात्र आपल्याजवळचं शेवटलं मूठभर पीठ तिच्या ओंजळीत घालते. म्हातारी उठते, आणि ती उठते तिथंच वाट असते. लोक ज्याला दार समजून धडका देत होते, तो नुसता डोंगर.

हे वाचणारी जी मी होते, तिला मी 'मी' म्हणायलाही लाजते. आपण तिला शहाणी म्हणू. तर शहाणीची खात्री झाली की ही गोष्ट आपल्यासाठीच लिहिलीय. एवढा मोठा लिहिणारा, एवढा लांबचा मुलूख, आणि त्याला बेंबळीतली कडब्याच्या गंजीआड बसलेली सून दिसत होती म्हणे! वैरण आणायला म्हणून ती जायची आणि परत यायची तेव्हा कडबा थोडा आणि डोळे लाल. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेर आठवतंय. एकदा त्यांनी मायेनं विचारलं, "का गं पोरी, तिकडं कोन आजारी हाय का?"

शहाणी म्हणाली, "न्हाय आत्याबाई. तिची आई तिला वळखना."

"कुनाची आई?"

"विणकराच्या पोरीची."

सासूबाईंनी माझ्या माहेरची सगळी भावकी डोळ्यांपुढून फिरवली, त्यात विणकर एकही सापडेना. संध्याकाळी त्यांनी माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला तसं शहाणीला आणखी रडू आलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "बघा, दिष्ट लागलीच हुती!"

त्या श्रावणात आम्ही सगळे येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला गेलो. डोंगर, झाडी, ओढा, माकडं. घरची माणसं दर्शनाच्या नादात आणि शहाणी कातळावर तळहात मारत, कुठं पोकळ वाजतंय का बघत चाललीय. पदराच्या गाठीला पीठ बांधून आणलं होतं तिनं. घरून! आणि योग असा की वाटेत खरोखरची एक म्हातारी बसलेली भेटली. शहाणीनं सगळं पीठ तिच्या फडक्यात ओतलं आणि ती कधी उठते म्हणून समोर उभी राहिली. म्हातारी उठेना. बऱ्याच वेळानं तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "कवाधरनं हुबी हाईस बाई? संगं डाळ न्हाय व्हय?"

एवढं होऊनही शहाणीचा पुस्तकावरचा विश्वास उडाला नाही. म्हातारी चुकीची होती, असं तिनं ठरवलं.

आता नातीचं सांगते. सुनेची बदली धाराशिवला झाली आणि मायलेकी पुणं सोडून माझ्याकडं राहायला आल्या. मुलगा नोकरीमुळं तिकडंच, सुट्टीला येतो. नात आठवीत. नव्या शाळेत ती कुणाशी बोलत नव्हती. मी विचारलं, "झाली का गं वर्गात कुणी मैत्रीण?"

"मला आहेत मैत्रिणी."

"कुठंयत?"

तिनं लॅपटॉपकडं बोट दाखवलं.

पुण्याच्या जुन्या वर्गातल्या पोरी होत्या त्या. रोज संध्याकाळी या खेळातल्या माळावर एकमेकींना भेटायच्या. त्यांची एक टोळी होती आणि टोळीला एक कप्तान होती. तिकडच्या शाळेत काय चाललंय, कोण कुणाशी भांडलं, नव्या बाई कशा आहेत, त्यातलं आता हिला काही कळत नव्हतं. त्या बोलत आणि ही नुसती ऐके. पण खेळ सुरू झाला की ही त्यांच्या बरोबरीची. तेवढाच एक धागा उरला होता. हे मला नंतर समजलं. तेव्हा मला वाटलं, पोरीला गोष्टीची गोडी लागलीय, आपल्यावर गेलीय.

म्हणून मी शेजारी खुर्ची ओढून बसायला लागले. आणि माझं डोकं फिरायला लागलं.

"ती विणकराची पोरगी कुठंय?"

"ती मीच ना."

"आणि कप्तान?"

"ती पण तीच."

"मग बाकीच्या?"

"आजी, सगळ्या तीच असतात."

एका गोष्टीत पाच नायिका, पाचजणींचे केस पाच रंगांचे, आणि एकीलाही आपली आई कुठं आहे याची काळजी नाही. मी म्हटलं, "आईनं ओळखलं नाही म्हणून निघालात ना तुम्ही?"

"ते अगदी सुरुवातीला येतं. आम्ही स्किप केलं."

आई स्किप केली! ज्या पानावर शहाणीनं दोन पदर भिजवले होते, ते पान या पोरींनी बटण दाबून उडवलं होतं. बरं, त्यामुळं त्यांचं काही अडलंही नव्हतं. हे मला जास्त लागलं.

दुसरं कोडं याहून अवघड. पुस्तक मिटलं की पोरगी जिथल्या तिथं थांबायची. शहाणी भाकरी थापून, भांडी घासून, जनावरांना पाणी दाखवून येईतो पोरीचा उचललेला पाय उचललेलाच. शहाणी तर बिचारी धावत यायची, पोरगी अवघडली असेल म्हणून. इथं नात जेवायला उठली तरी त्या माळावर सगळं चाललेलंच. पाऊस पडतोय, म्हातारी भिजतेय, कुणी परकी माणसं येतायत-जातायत.

"आपण नसताना ते कोण बघतं?" मी विचारलं.

"कुणी नाही बघत. असतं ते."

कुणी बघत नाही तरी असतं. यावर विचार करता करता माझी भेंडी करपली.

आणि सांगतं कोण? पुस्तकात एक सांगणारा होता. 'तिला भीती वाटली' असं तो म्हणाला की मला वाटायची. इथं सांगणाराच नाही. नातीची पोरगी एका कड्यावर उभी होती, खाली तळ दिसत नव्हता. मी विचारलं, "ही भ्यालीय का गं?"

"तुला भीती वाटतेय?"

"लई."

"मग भ्यालीय ती."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा करत नव्हती.

तिनं मला चालायलाही शिकवलं. कुठलं बटण दाबलं की पुढं, कुठलं दाबलं की वळायचं. पहिल्या दिवशी माझी पोरगी एका भिंतीला नाक लावून चालतच राहिली, आणि मी म्हणाले, काय मोठा माळ आहे, संपेना. पण दोन-चार दिवसांत मला जमलं. वळायला वेळ लागायचा, पण म्हशीला तरी कुठं पटकन वळता येतं.

तर तो मंगळवार.

टोळीनं पहिल्या दारापाशी जमायचं ठरवलं होतं. या खेळात जखम झाली की धान्य खायचं, म्हणजे जीव परत येतो. पोरींनी सुट्टीभर राबून धान्याची पोती जमवली होती आणि तो सगळा साठा नातीजवळ होता. लग्नघरात कोठीच्या किल्ल्या जिच्या कमरेला असतात, तशी ती टोळीची कोठीवाली. तिला त्याचा केवढा अभिमान होता! ती आधी येऊन दारापाशी उभी राहिली, बाकीच्या वाटेवर होत्या. तेवढ्यात खाली गॅसची गाडी वाजली. सून ऑफिसात, माझे गुडघे जिना मानत नाहीत.

"आजी, तू बस इथे. त्या येतीलच. तू फक्त उभी राहा. कशालाही हात लावू नकोस." आणि ती पळाली.

मी बसले. खरंच कशाला हात लावणार नव्हते.

पण म्हातारीनं माझ्याकडं मान वळवली. बाजूला ठेवलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला, "बेटी, भूख लगी है." आणि हात पुढं केला.

आता मंगळवार. सकाळीच आमच्या दारात परडी घेऊन एक बाई येऊन गेली होती, गळ्यात कवड्यांची माळ, तोंडानं उदो उदो. मी तिच्या परडीत पीठ-मीठ घातलं होतं. देवीच्या वारी दारातली परडी रिकामी परतवायची नाही, हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. डाव्या हातानं वाढू नये हे तरी कोण शिकवतं? वर हे पुस्तक माझं पाठ. पडद्याच्या खालच्या बाजूला दोन चौकटी उमटल्या होत्या. एकीत तलवार, एकीत पोतं. त्यात विचार तो काय करायचा?

मी पोतं दाबलं. म्हातारीनं घेतलं आणि पुन्हा हात पसरला. पुन्हा दाबलं. पुन्हा हात. मग मला आठवलं, पुस्तकातल्या पोरीनं शेवटलं पीठ दिलं होतं. शेवटलं! म्हणजे आपल्याजवळ काही उरलंय तोवर वाट व्हायची नाही, हे उघड आहे. मी दाबत राहिले, पोती संपेपर्यंत.

म्हातारी उठली.

माझ्या आत कुठंतरी शहाणी टाळ्या पिटायला लागली, बघ, मी सांगत नव्हते? म्हातारी उठली आणि उठतच राहिली. दाराएवढी झाली, डोंगराएवढी झाली. पदर गेला, दात आले. त्याच वेळी कप्तानबाई आणि तिच्या मैत्रिणी माळावरून पळत आल्या, आपली कोठीवाली वाट बघतेय म्हणून निर्धास्त. एकेक करून सगळ्या आडव्या झाल्या. खाऊन उठायला धान्याचा कण नव्हता. मी "अगं बाई, अगं बाई" करत भिंतीला नाक लावून चालत होते.

नात वर आली. हातात गॅसची पावती.

"आजी, काय केलंस?"

"जोगवा घातला."

ती ओरडली नाही. हेडफोन कानाला लावून ऐकत राहिली. मग हळू म्हणाली, "मी नव्हते. आजी होती." मग पुन्हा, "खरंच आजी होती." मग हेडफोन काढून ठेवले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, उगाच आजीचं नाव सांगतेस. तिकडे गेल्यापासून तुझं लक्षच नसतं म्हणाल्या. उद्यापासून येऊ नकोस."

तिनं लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर जाऊन बसली. जेवायला बोलावलं तर "भूक नाही." मी ताट झाकून ठेवलं आणि विचार करत बसले. जे धान्य कधी पिकलंच नव्हतं ते मी एका नसलेल्या म्हातारीला दिलं. इथपर्यंत ठीक आहे, कुणाच्या बापाचं काही गेलं नाही. मग ही खरी पोरगी खऱ्या गच्चीवर उपाशी का बसलीय? शहाणीनं पुस्तक वाचून कितीही रडारड केली तरी त्या पायी दुसऱ्या कुणाला कुणी हाकललं नव्हतं. मिरच्या जळल्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात गणिताचं पुस्तक उघडून बसली. खेळाची वेळ झाली तशी एकदा घड्याळाकडं बघितलं. मग पुन्हा बघितलं. मला ते बघवेना.

"लाव ते," मी म्हटलं.

"तू काय बोलणार आहेस त्यांच्याशी?"

"काही नाही. मी आहे एवढं सांगते. तेवढं तरी खरं आहे ना?"

तिनं लावलं. माझ्या कानांवर ते उंडे चढवले. कानात पोरींचा कलकलाट होता, तो थांबला.

"कोण आहे?"

"आजी."

"कुणाची?"

"काल जिला हाकललंत, तिची."

कुजबुज झाली. एकजण म्हणाली, "आवाज बदलायचं ॲप असतं. तेच असणार."

"अगं बयांनो, आवाज बदलून घ्यायचा असता तर हा घेतला असता का मी?"

एकीला हसू आलं, तिनं ते दाबलं. मग कप्तान बोलली. आवाजानं पोरगी गुणी वाटली, पण कडक. "आजी, तुम्ही तिला सगळं का दिलंत?"

मी सांगितलं. विणकर सांगितला, आई सांगितली, शेवटलं पीठ सांगितलं, म्हातारी उठते तिथं वाट असते ते सांगितलं. शेवटी कप्तान म्हणाली, "पुस्तकात असेल आजी. पण इथे तिला खायला दिलं की तिची ताकद वाढते."

"पोटात गेल्यावर वाढणारच की गं. तुझी नाही वाढत?"

"वाढते. पण मग ती आपल्याला मारते."

मी नातीकडं बघितलं, ती खाली बघत होती. मी म्हटलं, "हे बघ पोरी, चूक म्हण की काय म्हण, ती माझी. हिनं कशालाही हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. खोटं बोलायची सवय नाही तिला. मला आहे, पण ती तिला लागली नाही अजून."

पुन्हा कुजबुज. मग निकाल आला. नात परत येऊ शकते, पण गेलेलं धान्य भरून द्यायचं. आणि ते भरायचं आजींनी, स्वतः. आजी आहेत की नाहीत, तेही मग कळेलच.

घ्या! शहाणी ज्वारीच्या काढणीला नको म्हणून दरवर्षी पोटदुखीची सोंगं करायची. इतकी हुबेहूब की एकदा सासूबाईंनी वैदू बोलावला होता. त्या शहाणीला मी आता सत्तरीत बोटानं धान्य काढायला बसवलं. रोज दुपारी बसायचे. बटण दाबलं की कणीस, पुन्हा दाबलं की पोतं. पेंढी नाही, खळं नाही, उफणणी नाही, अंगाला कूस टोचत नाही. पोतं शिवायचं दाभणसुद्धा नाही. मला आधी हसू यायचं. मग बोट दुखायला लागलं, तेव्हा जरा शेतात असल्यासारखं वाटलं. सून एकदा ऑफिसातनं लवकर आली. दारातच थबकली.

"आई, काय करताय?"

"सुगी."

ती कपडे बदलायला आत गेली.

मधेमधे टोळीतली एखादी पोरगी त्या शेतावर यायची, मी खरंच काढतेय का बघायला. एकदा तर कप्तान स्वतः आली आणि माझ्या शेजारी काढायला लागली. मुकादमानं हात लावला की मजुरानं बोलू नये.

साठा भरला, तशी टोळी पुन्हा दारापाशी जमली. या वेळी नात बटणांवर आणि मी बाजूच्या खुर्चीत. पोरींचा आवाज मलाही ऐकू यावा म्हणून तिनं हेडफोन काढून ठेवले होते.

"आजी लांब आहेत ना?" कप्ताननं विचारलं.

"आहे."

"हात?"

"मांडीखाली," मी म्हटलं. आणि खरंच होते.

म्हातारीनं हात पसरला. बेटी, भूख लगी है. पोरींनी तलवारी काढल्या. तेवढ्यात नात म्हणाली, "थांबा. एक पोतं देऊ तिला."

"का?"

"असंच. आमच्याकडे देतात."

'आमच्याकडे' म्हणजे कुठं, हे विचारायला माझी जीभ सळसळली. पण हातांबरोबर तिलाही मांडीखाली घेतल्यासारखं करून मी गप बसले.

"ताकद वाढेल तिची," कप्तान म्हणाली.

"एका पोत्यानं किती वाढेल? जमेल आपल्याला."

"आधीच एकदा वाट लागलीय." दुसरी कुणीतरी म्हणाली.

"मला माहितीय," नात म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण मागं हटली नाही. "तरी."

मला वाटलं, आता हाकलतात. पुन्हा धान्य काढायची माझी तयारी होती, पण पुन्हा विचारतील की नाही कोण जाणे. पडद्यावरच्या कप्ताननं तलवार खाली घेतली. मग म्हणाली, "एकच. आणि पटकन."

नातीनं एक पोतं दिलं. म्हातारीनं ते घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, "जीती रहो." एवढे दिवस पोरी हा खेळ खेळत होत्या, पण हे शब्द त्यांनी ऐकलेले नव्हते, कारण कुणी कधी दिलंच नव्हतं. मी दिलं तेव्हा तिनं म्हटलं असेल तर पोती दाबायच्या नादात मला ऐकू आलं नसणार. "अरे! असं बोलते ही?" एकजण म्हणाली.

मग म्हातारी उठली, दात आले, आणि पोरींनी तिला मारलं. जरा जड गेलं, पण मारलं. दार उघडलं. कानठळ्या बसतील असा जल्लोष झाला. कप्तान नातीचं नाव घेऊन ओरडत होती आणि नातीचे गाल लाल झाले होते. कित्येक दिवसांनी मी तिला तसं हसताना बघितलं. मलाही बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून बरं वाटेना.

"हे काय गं?" मी विचारलं. "जेवू घालायचं आणि मग मारायचं?"

"मग? मागच्या महिन्यात कंदुरीला बोकड घेऊन गेलो होतो ना आपण? बोकडाला तू कुंकू लावलंस. पाला खाऊ घातलास. त्याच्या अंगावर पाणी शिंपडून तो अंग झाडून होकार देईपर्यंत सगळे हात जोडून उभे होतो. नंतर?"

"ते देवीचं असतं."

"हे गेमचं असतं."

नंतरचा रस्सा मीच केला होता. सगळ्यांनी वाट्या चाटून पुसून खाल्ल्या. मी मांडीखालचे हात काढले, त्यांना मुंग्या आल्या होत्या, ते चोळत बसले. पुस्तकवाल्यानं किती सोपं करून ठेवलं होतं. द्या, म्हणजे वाट होईल. शहाणीला ते पटलं, कारण शहाणीनं तोवर आयुष्यात कुणाला काही दिलंच नव्हतं. खेळवाल्यानंही सोपंच केलं होतं. मारा, म्हणजे वाट होईल. आणि या पोरीनं दोन्ही केलं, एकापाठोपाठ एक, आणि तिला त्यात काही अडचण वाटेना. अडचण मला वाटत होती, आणि कुंकू माझ्याच बोटाला लागलेलं होतं.

"आजी, पुस्तकात नक्की तसंच होतं का?" नातीनं विचारलं. "म्हातारी उठते आणि तिथेच वाट असते?"

"असंच होतं."

"नक्की?"

मी डोळे मिटून ते पान आठवायला लागले. म्हातारी दिसली, पदर दिसला, ओंजळ दिसली. पण तो पदर लिहिणाऱ्यानं घातला होता की शहाणीनं, हे सांगता येईना. परदेशातल्या म्हातारीला पदर कुठला? मग आठवलं, नावं आपल्याकडची घातली होती, तर पदरही घातला असेल. मग वाटलं, गंजीआड उजेड कमी असायचा, घाईघाईत वाचायची ती, दोन ओळी गाळल्या असतील तर? त्या दोन ओळींत दात असतील तर?

"बहुतेक," मी म्हटलं.

तेवढ्यात पडद्यातून कप्तानचा आवाज आला. "आजी आहेत का? आजी, पुढच्या दारात काय आहे पुस्तकात?"

हे मात्र मला पक्कं आठवत होतं. पुढचं दार इतकं अरुंद असतं की त्यातून एकटीलाच जाता येतं. पोरगी सोबतिणींना मागं सोडून आत शिरते. त्या बाहेर थोडा वेळ वाट बघतात आणि मग आपापल्या गावी परत जातात. शहाणीला ते पान भारी आवडायचं. अंधार, आणि त्यात एकटी चाललेली पोरगी. केवढी शूर! घरात चौदा माणसं, त्यांची चौदा ताटं, क्षणाचा एकांत नाही. तिला एकटं पडणं म्हणजे स्वर्ग वाटायचा.

नात माझ्याकडं बघत होती. पलीकडं चौघी थांबल्या होत्या.

"आठवत नाही गं," मी म्हटलं. "तिथनं पुढची पानं उंदरांनी खाल्ली होती."

"सगळी?"

"एकूण एक."

"मग जाऊन बघूया," कप्तान म्हणाली.

नातीनं बटण दाबलं. पाचही पोरी उघडलेल्या दारातून आत निघाल्या, केस उडवत, बडबडत. मी चष्मा पुसून पुढं वाकले आणि लांबवर दिसणारं दुसरं दार केवढं रुंद आहे, ते बघायला लागले.